शार्लटमध्ये घर घ्यायचंय : मायर्स पार्क, बॅलंटाइन, मार्विन की तळ्याकाठी?

एडिसनवाला
नमस्कार मंडळी. बँकेने शेवटी सांगितलंच, जूनपर्यंत शार्लटला (नॉर्थ कॅरोलिना) या नाहीतर रामराम. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये १४ वर्षं काढली, टाउनहाउस विकलं तर बर्‍यापैकी पैसे हातात येतील आणि बायकोचं म्हणणं आहे की आता एकदाच काय ते मनासारखं घर घेऊ, इतकी वर्षं भिंतीपलीकडच्यांचा टीव्ही ऐकला तेवढा पुरे. बजेट ओढूनताणून १.४ मिलियन. मुलगी सहावीत जाणार, आईबाबा दर वर्षी पाच-सहा महिने येतात, बाबांचे गुडघे गेलेत त्यामुळे खाली बेडरूम आणि बाथरूम हवंच हवं. ऑफिस अपटाउनला, म्हणजे शहराच्या मध्यभागी. एजंटबाई फोनवर मायर्स पार्क, ईस्टओव्हर, साउथपार्क, बॅलंटाइन, वेडिंग्टन, मार्विन, लेक नॉर्मन अशी नावं धडाधड घेतात आणि प्रत्येकाला 'गॉर्जस' म्हणतात. तिथल्यांनी खरं काय ते सांगा.

मीनल_सी
स्वागत! मी बॅलंटाइनला, १६ वर्षं झाली. आधी नकाशा समजून घ्या. केकचा तुकडा डोळ्यासमोर आणा, टोक अपटाउनला आणि रुंद बाजू खाली साउथ कॅरोलिनाच्या बॉर्डरकडे. शार्लटचा पैसा त्या तुकड्यात बसलाय, इथले लोक त्याला वेज म्हणतात आणि बाकी शहराभोवतीच्या चंद्रकोरीला क्रेसेंट. टोकाजवळ मायर्स पार्क नि ईस्टओव्हर, मग साउथपार्क, फॉक्सक्रॉफ्ट, मग क्वेल हॉलो (२०१७ आणि २०२५ ची पीजीए चॅम्पियनशिप झाली तो गोल्फ क्लब), मग बॅलंटाइन, आणि काउंटी ओलांडली की मार्विन-वेडिंग्टन. लेक नॉर्मन एकटंच उत्तरेला, ते प्रकरण वेगळं.

तुमच्या बजेटमध्ये मायर्स पार्कात घर शोधायला गेलात तर एकतर टाउनहाउस मिळेल (परत भिंतीपलीकडचा टीव्ही) नाहीतर असं घर जे विकणाराही घर म्हणून विकत नाही, प्लॉट म्हणून विकतो. बॅलंटाइनला त्याच पैशात चांगलं मोठं घर, खाली गेस्ट बेडरूम, सोसायटीचा पूल, आणि संध्याकाळी फिरायला निघालं की चार मराठी नि चाळीस तेलुगू भेटतात. आईबाबांसाठी हे फार मोठं आहे हो, माझ्या सासूबाई इथे मैत्रिणी करून बसल्या, आता पुण्याला जायचं नाव काढत नाहीत.

कडूकारलं
बॅलंटाइन म्हणजे हिंजवडी फेज वन, फक्त गवत कापलेलं. सगळी घरं एका साच्यातली, रात्री उशिरा आलात तर शेजार्‍याच्या गॅरेजचं बटण दाबाल.

मीनल_सी
कारलेबुवा, तुम्ही कुठे राहता ते सांगा मग बोलू.

कडूकारलं
साउथ एंडला अपार्टमेंटमध्ये, ब्लू लाइन ट्रेनच्या डोक्यावर. घर घेतलेलं नाही म्हणूनच तर खरं बोलू शकतो.

झाडीपट्टी
मी राहतो नं मायर्स पार्कात. हसू नका, भाड्याने, एका जुन्या डुप्लेक्सच्या वरच्या मजल्यावर, जिना करकरते आणि किचनमध्ये दोन माणसं उभी राहिली की तिसर्‍यानं बाहेर थांबायचं. पण बाप्पा, झाडं! मी गडचिरोलीकडचा माणूस, झाडं काही नवीन नाहीत मला, तरी क्वीन्स रोड वेस्टवर पहिल्यांदा गाडी घातली तेव्हा वेग आपोआप कमी झाला. दोन्ही बाजूंनी विलो ओक, पान विलोसारखं बारीक पण झाड ओकचं, वर फांद्या एकमेकांत गुंतलेल्या, भर दुपारी रस्त्यावर हिरवा उजेड. लोक इथे मिलियन मिलियन देतात ते त्या सावलीचे देतात असं माझं मत आहे, घरं आतून पाहिली तर बरीचशी जुनी, छोट्या छोट्या खोल्यांची.

फक्त एक सांगतो, एजंट सांगणार नाही. ही झाडं आता म्हातारी झालीत. वादळ आलं की एखादं पडतेच. घर घेण्याआधी अर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा डॉक्टर, बोलावून दाखवा, फांदी छपरावर असेल तर इन्शुरन्सवालाही कटकट करते. हिवाळ्यात इथे काही झाडांच्या बुंध्याला चिकट पट्टा बांधलेला दिसेल, मला आधी वाटलं काही व्रतबित आहे का वटपौर्णिमेसारखं, तर तो कॅंकरवर्म नावाच्या अळीसाठी. तिची मादी उडत नाही, बुंध्यावरून चढते, पट्ट्यात अडकते.

आजोबा_७२
झाडीपट्टी, छान लिहिलेत. मी १९७९ साली मॅग्वायर अणुवीज केंद्राच्या कामावर इथे आलो, तेव्हा भारतीय किराणा घ्यायचा म्हणजे अटलांटाला गाडी काढायची. ती झाडं नुसती उगवलेली नाहीत, लावलेली आहेत. मायर्स पार्क ही जॉन मायर्स नावाच्या माणसाची कापसाची जमीन. त्याच्या जावयाने, जॉर्ज स्टीफन्सने, १९११ मध्ये जॉन नोलन या नगररचनाकाराला बोलावून आराखडा करून घेतला. उघडी शेतं होती, सावलीला झाड नाही, म्हणून मुद्दाम वळणदार रस्ते आखले आणि झाडं लावली. मधून ट्रॉली जायची. शहराबाहेर राहायचं आणि ट्रॉलीने कामाला जायचं ही टूम डिलवर्थने आधीच, १८९१ मध्ये, काढली होती. ईस्टओव्हर १९२७ चं, ते मोटारवाल्यांसाठी. त्यामुळे डिलवर्थचे रस्ते बरेच सरळ आणि प्लॉट लहान, ईस्टओव्हरचे प्लॉट ऐसपैस. कोणत्या गाडीने लोक घरी यायचे ते रस्त्यावरून कळतं.

मायर्स पार्कात एक चौक आहे जिथे क्वीन्स रोड क्वीन्स रोडलाच येऊन मिळतो, आणि प्रॉव्हिडन्स रोडवर राहायचं असेल तर वळावं लागतं, सरळ गेलात तर रस्त्याचं नाव बदलतं. जीपीएस नव्हता तेव्हा मी तिथे एकदा तीन वेळा गोल फिरलोय.

बॅलंटाइन म्हणाल तर आम्ही आलो तेव्हा ते रान होतं, लोक शिकारीला जायचे. साउथपार्कचा मॉलसुद्धा १९७० चा, त्याआधी तिथे गव्हर्नर मॉरिसनचं शेत, गाईबिई.

गुंठामंत्री
आमच्या पार्टीचा प्रचार कोणीच करत नाहीये म्हणून आलो. वेडिंग्टन! मूळचा वाकडचा असल्यामुळे जमीन दिसली की हात शिवशिवतात. तिथे आर-४० झोनिंग आहे म्हणजे प्लॉट किमान ४०,००० स्क्वेअर फूट, आपल्या हिशोबात साधारण ३७ गुंठे हो! ३७ गुंठ्यात एक घर! वाकडला तेवढ्यात दोन टॉवर आणि एक मंगल कार्यालय बसलं असतं. युनियन काउंटी असल्यामुळे शार्लट सिटीचा टॅक्स नाही, गावाचा टॅक्स नावापुरता, शाळा वेडिंग्टन, मार्विन रिज, कथबर्टसन, सगळ्या नावाजलेल्या. १.४ मध्ये नवीन घर कठीण पण १५-२० वर्षं जुनं, विटांचं, तीन गाड्यांचं गॅरेज असलेलं बघायला मिळेल.

तोटे पण सांगतो, प्रचार झाला. दूध संपलं की गाडी. मुलीची मैत्रीण, गाडी. बर्‍याच रस्त्यांना फूटपाथ नाही. माझे वडील पहिल्या वर्षी आले तेव्हा आठवडाभर "काय शांतता रे" म्हणत होते, दुसर्‍या आठवड्यात "अरे कोणी दिसत का नाही" आणि तिसर्‍या आठवड्यात तिकीट अलीकडे घ्यायला लावलं. अपटाउनला सकाळी प्रॉव्हिडन्स रोडने गेलात तर सगळं पॉडकास्ट संपवून पोचाल.

तळ्यातमळ्यात
माझी आयडीच सांगते मी कुठे राहतो ते, लेक नॉर्मनकाठचं कॉर्नेलियस. लेक नॉर्मन नैसर्गिक तळं नाही, ड्यूक पॉवर या वीज कंपनीने कटॉबा नदीवर काउअन्स फोर्डला धरण बांधलं, १९६३ च्या सुमारास भरलं, ३२,५०० एकर पाणी, ५२० मैल किनारा. खाली शेतं, रस्ते सगळं बुडालेलं आहे. आपल्याकडे कोयनेचं धरणही त्याच काळातलं, पण तिथे काठावर मिलियन डॉलरचे बंगले उभे राहिले नाहीत एवढाच फरक 🙂

इथे तीन शब्दांत फसायला होतं. वॉटरफ्रंट म्हणजे पाण्याला लागून तुमची जमीन. वॉटर ॲक्सेस म्हणजे सोसायटीची एक वाट पाण्यापर्यंत जाते, कदाचित बोटीला जागा असेल कदाचित वेटिंग लिस्ट असेल. वॉटर व्ह्यू म्हणजे हिवाळ्यात पानं गळली की वरच्या बाथरूमच्या खिडकीतून काहीतरी चमकतं. आणि वॉटरफ्रंट असलं तरी पिअर (बोटीचा धक्का) बांधायला ड्यूक एनर्जीची (तीच वीज कंपनी, आताचं नाव) परवानगी लागते, प्रत्येक प्लॉटला मिळत नाही, ज्या खाडीत पाणी उथळ तिथे तर विचारूनच घ्या. १.४ मध्ये चांगलं वॉटरफ्रंट विसरा.

आणि आय-७७, अपटाउनला जायचा हायवे. टोल लेन २०१९ ला सुरू झाल्या, टोल गर्दीप्रमाणे वरखाली होतो, ज्या दिवशी घाई असते त्याच दिवशी बोर्डावरचा आकडा बघून पोटात गोळा येतो. आजोबा ज्या मॅग्वायर केंद्राबद्दल म्हणाले ते याच तळ्याकाठी, त्याच्या सायरनची अधूनमधून टेस्ट होते, भारतातून आलेल्या पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं, आमच्या मावशीने देवापुढे दिवा लावला होता.

निळी_छत्री
सगळं वाचतेय, मजा येतेय, पण ते वेज आणि क्रेसेंट आपोआप तयार झालं असं वाटू नये म्हणून लिहिते. मायर्स पार्कच्या जुन्या खरेदीखतांमध्ये अट असायची की इथे फक्त गोर्‍यांनीच राहायचं, काळ्या माणसाने राहायचं असेल तर नोकर म्हणून. १९४८ ला सुप्रीम कोर्टाने अशा अटी कोर्टातून राबवता येणार नाहीत असं सांगितलं आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने त्या बेकायदाच झाल्या, पण कागदावर ओळ तशीच राहिलेली असते, तुमच्या टायटलच्या कागदांत दिसली तर दचकू नका. दुसरीकडे अपटाउनच्या सेकंड वॉर्डमध्ये ब्रुकलिन नावाची काळ्या लोकांची भरभरून चाललेली वस्ती होती, चर्च, शाळा, दुकानं, ती १९६० च्या दशकात अर्बन रिन्यूअलच्या नावाखाली पाडली. हजाराच्या वर कुटुंबं हलवली. ती गेली कुठे, तर मुख्यतः त्या चंद्रकोरीत.

२०१४ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकार्‍यांचा अभ्यास आला, गरीब घरातलं मूल वरच्या थरात पोचण्याची शक्यता किती, त्यात ५० मोठ्या शहरी भागांमध्ये शार्लट पन्नासावं. शेवटचं. शहर तर फुगतंय, २०१० ला ७ लाख ३१ हजार होते, २०२० ला ८ लाख ७४ हजार, क्रेन दिसत नाही असा दिवस नाही, आणि तरी हे. मी त्याच चंद्रकोरीत शिकवते, विद्यापीठाच्या बाजूला, म्हणून रोज दिसतं.

कडूकारलं
घराचा धागा आहे ना? बिचार्‍याला तीन बेडरूम की चार एवढंच ठरवायचंय.

निळी_छत्री
तो शहरात येतोय, नुसता बेडरूममध्ये नाही.

आजोबा_७२
निळी छत्री बरोबर सांगतायत. आम्ही १९८१ ला घर बघत होतो तेव्हा एका भागात एजंटने गाडीचा वेगही कमी केला नाही. तोंडाने काही बोलला नाही, सभ्य माणूस होता. असो.

एडिसनवाला
बापरे, एका दिवसात एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. बायको आता झाडीपट्टींच्या बाजूची आहे, मी गुंठामंत्र्यांच्या. दोन प्रश्न. (१) एजंटबाई म्हणतात 'ड्यू डिलिजन्स फी' म्हणून पंधरा-वीस हजार तयार ठेवा, हे काय आहे? जर्सीत आमच्याकडे अ‍ॅटर्नी रिव्ह्यू असतो, म्हणजे वकील करार तपासतो. (२) जुनं घर घेतलं तर काय बघायचं?

मीनल_सी
(१) नीट वाचा, जर्सीवाले सगळे इथेच आपटतात. ऑफर मान्य झाली की ही फी तुम्ही थेट विकणार्‍याला देता. एस्क्रोमध्ये (त्रयस्थाकडच्या खात्यात) नाही, त्याच्या खिशात. त्या बदल्यात ठरलेल्या तारखेपर्यंत तुम्हाला घर तपासायची मुभा, आणि त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत कोणत्याही कारणाने, अगदी "भिंतीचा रंग आवडला नाही" म्हणूनही, बाहेर पडता येतं. अर्नेस्ट मनी (वेगळा दिलेला बयाणा) परत मिळतं. ड्यू डिलिजन्स फी मिळत नाही. सौदा झाला तर किमतीतून वळती होते. २०२१-२२ ला लोकांनी वेड्यासारखी मोठमोठी फी देऊन घरं उचलली, इन्स्पेक्शनमध्ये काही निघालं तरी पैसे बुडतील म्हणून गिळून घेतलं. पाच म्हणजे पाच, पाच वाजून दहा मिनिटांनी मेल गेला तर अर्नेस्ट मनीवरही पाणी.

आणि विकणार्‍याच्या डिस्क्लोजर फॉर्मवर (घरातले दोष सांगायचा कागद) हो, नाही आणि 'नो रेप्रेझेंटेशन' असे पर्याय असतात. तिसर्‍यावर खुणा दिसल्या तर समजायचं की मला माहीत असेल नसेल, मी सांगणार नाही.

शाळेचं पण एक. शाळा बघून घर घेऊ नका असं नाही म्हणत, मीही तेच केलं, पण सीमा हलतात. अर्ड्री केल हायस्कूलची गर्दी कमी करायला २०२४ ला बॅलंटाइन रिज सुरू झाली, अर्ड्री केलच्या नावासाठी जास्त पैसे मोजलेल्यांच्या पोरांना नव्या शाळेत जावं लागलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा जे चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आजोबा_७२
(२) चं मी सांगतो. इथली माती लाल, चिकणमाती, कोकणातल्या जांभ्यासारखी दिसते पण पाणी निचरू देत नाही. बहुतेक जुनी घरं जमिनीपासून दोन-तीन फूट वर, खाली क्रॉल स्पेस, म्हणजे रांगत जावं लागेल अशी पोकळी. विकत घेणारे ग्रॅनाइट बघतात, झुंबर बघतात, आणि ज्याच्यावर घर उभं आहे त्या क्रॉल स्पेसमध्ये कोणी वाकून बघत नाही. टॉर्च घेऊन स्वतः जा, किंवा निदान इन्स्पेक्टरबरोबर दाराशी उभे राहून वास घ्या. कुबट वास आला तर ओल आहे. लाकूड मऊ, बुरशी, वाळवी, सगळं तिथूनच सुरू होतं.

नव्वदच्या दशकातलं मोठं, फ्रेंच पद्धतीचं, गुळगुळीत प्लास्टरचं घर दिसलं तर थबका. ते सिंथेटिक स्टको असू शकतं. खिडक्यांच्या कडेने पाणी आत गेलं की बाहेर पडत नाही, आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरून भिंत नवी दिसते. नॉर्थ कॅरोलिनात त्यावरून मोठे खटले झाले. त्याच काळापर्यंत पॉलिब्युटिलीन नावाचे राखाडी प्लास्टिक पाइपही घालत, तेही बघा.

माझं मत विचाराल तर तुमच्या यादीत नसलेलंच घर सुचवतो. साउथपार्क ते क्वेल हॉलोच्या मधल्या गल्ल्यांमध्ये १९६०-७० च्या दशकातली विटांची रँच घरं आहेत. एकमजली. अर्धा अर्धा एकर जागा. वडिलांचे गुडघे म्हणालात ना?

कडूकारलं
पण काका, त्या घरांना कोणी 'लक्झरी' म्हणत नाही.

आजोबा_७२
अहो, जिना नसणं हीच माझ्या वयाची लक्झरी.

झाडीपट्टी
काका 🙏 फक्त तिथे टिअरडाउन जोरात चालू आहे. एक रँच विकली गेली की बिल्डर घेते, पाडते, आणि त्याच जागेवर पांढरं विटांचं काळ्या खिडक्यांचं धूड उभं करते. शेजारची रँच त्याच्या सावलीत आउटहाउससारखी दिसते मग. पुण्यात प्रभात रोडचे बंगले गेले तसंच, फक्त तिथे एकाच्या जागी वीस कुटुंबं येतात, इथे एकाच्या जागी एकच, तिप्पट मोठ्या घरात. जून २०२३ पासून शहराच्या नव्या यूडीओ या बांधकाम-झोनिंग नियमांनी एका घराच्या प्लॉटवर डुप्लेक्स-ट्रिप्लेक्सला परवानगी दिली, पण मायर्स पार्कसारख्या ठिकाणी जुन्या खतातली 'एकच घर' ही अट पुढे येते आणि वकील लागतात.

गुंठामंत्री
जाताजाता, वेडिंग्टन-मार्विन बाजूला किंवा तळ्याकडे बघणार असाल तर सेप्टिक टँकचं परमिट मागा. जिथे सिव्हर लाइन नाही तिथे घर किती बेडरूमचं ते सेप्टिक ठरवतं. परमिट चार बेडरूमचं असेल आणि जाहिरातीत पाच लिहिलं असेल तर ती पाचवी खोली कायद्याने 'बोनस रूम' आहे. काउंटीच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ खात्याकडे कागद मिळतो.

एडिसनवाला
(अडीच महिन्यांनी) अपडेट द्यायचं राहिलं, माफ करा, सामान बांधण्यात जीव गेला.

मंत्रीजी, तुमचे शब्द खरे ठरले. तुमच्याच बाजूला एक घर बघितलं, बायको दारातच विरघळली, दोन जिने, वीस फूट उंच हॉल, खाली आईबाबांची खोली. पाच बेडरूम. ऑफर दिली, १२,००० फी दिली, मग घरी येऊन तुमची पोस्ट परत वाचली आणि परमिट मागवलं तर चार. आणि खालची खोली, जिच्यासाठी ते घर घेत होतो, तीच नंतर केलेली. डिस्क्लोजर फॉर्मवर 'नो रेप्रेझेंटेशन'ची नुसती रांग. चार दिवस झोप नाही, शेवटच्या दिवशी दुपारी तीनला टर्मिनेशन पाठवलं. बारा हजार गेले. बायको दोन दिवस बोलली नाही, मग स्वतःच म्हणाली की बारा हजारात सुटलो.

नंतर आजोबा म्हणाले त्या गल्ल्यांमध्ये फिरलो. १९६८ ची रँच, विटांची, एक पायरी चढली की घर. किचन जुनंच आहे, टाइल तर अशा रंगाच्या की बघवत नाहीत. मी स्वतः क्रॉल स्पेसमध्ये उतरलो, इन्स्पेक्टर हसत होता. कोरडं ठणठणीत. मागे तीन विलो ओक, झाडीपट्टी, अर्बोरिस्ट येऊन गेला, एक जरा आजारी आहे. किंमत बजेटच्या बरीच आत. मागच्या आठवड्यात क्लोजिंग झालं, घर नावावर.

मीनल_सी
अभिनंदन!!! पत्ता इथे नको, व्यनि (खासगी निरोप) करा, गणपतीला भेटू.

कडूकारलं
अभिनंदन. टाइल बदलू नका, दहा वर्षांत परत फॅशनमध्ये येतील.

आजोबा_७२
वा! वडील आले की कळवा, माझ्यापासून जवळ आहे. पत्ते खेळतात का?

एडिसनवाला
आजोबा, खेळतात, आणि चिटिंग करतात. पुढच्या महिन्यात येतायत.

फक्त एक. शेजारची रँच बिल्डरने घेतलीये हे आम्हाला क्लोजिंगनंतर कळलं. काल सकाळी सात वाजता जेसीबी आला. आत्ता हे लिहितोय तर खिडक्या थरथरतायत आणि बायको म्हणतेय की टीव्ही परवडला असता.